प्रॉपर्टी टॅक्स, युनियन आणि कोर्ट: न्यू जर्सीत करदात्याने आपलं म्हणणं कसं मांडायचं

जुलैमध्ये टाउनशिपकडून, म्हणजे गावाच्या स्थानिक सरकारकडून, प्रॉपर्टी टॅक्सचं बिल येतं आणि पुढचे दोन आठवडे एडिसनपासून प्लेन्सबरोपर्यंतच्या मराठी घरांत गप्पांना दुसरा विषय नसतो. न्यू जर्सीत २०२४ मध्ये घरटी सरासरी प्रॉपर्टी टॅक्सने पहिल्यांदा दहा हजार डॉलरचा आकडा ओलांडला, त्यामुळे चिडचिड समजण्यासारखी आहे. पण बिल हातात पडतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते. त्या बिलातले बहुतेक आकडे मार्च ते मे या काळात, संध्याकाळी सात-साडेसातला, जवळजवळ रिकाम्या सभागृहात मंजूर झालेले असतात. गेली चौदा वर्षं मी त्या सभागृहात जाऊन बसतो आहे. तिथे कसं जायचं, काय वाचून जायचं, काय बोलायचं, आणि त्याच धाग्याने युनियन आणि कोर्टापर्यंत कसं पोचायचं, हे इथे पायरीपायरीने लिहितो.

माझी बाजू आधीच सांगतो. मी कॉन्झर्व्हेटिव्ह आहे. मराठीत याला 'पुराणमतवादी' म्हणतात. तो शब्द मला पटत नाही, कारण माझा आग्रह जुन्या चालीरीतींचा नाही. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: संमती. कायदा त्यांनी करावा ज्यांना आपण निवडून दिलं. खर्च त्यांना विचारून व्हावा जे तो भरतात. आणि युनियनची वर्गणी त्याच्याच पगारातून कापावी ज्याने स्वतः सही केली. कोर्ट, सरकारी खर्च आणि युनियन हे तीन विषय अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह चळवळीत नेहमी एकत्र येतात ते या कारणाने. तुमचं मत वेगळं असलं तरी खालची पद्धत तुम्हालाही तितकीच उपयोगी पडेल.

पहिली पायरी: आपल्याला काय करता येतं ते आधी तपासा

हे सगळ्यांत आधी, कारण इथली चूक महागात पडते.

अमेरिकन नागरिक असाल तर सगळ्या वाटा मोकळ्या. ग्रीन कार्ड असेल तर निवडणुकीत देणगी देता येते, पण मत देता येत नाही. चुकून मतदार यादीत नाव गेलं आणि मत दिलं, तर ग्रीन कार्ड जाऊन देशाबाहेर काढलं जाण्याची वेळ येऊ शकते. मोटर व्हेइकलच्या ऑफिसात फॉर्म भरताना मतदार नोंदणीच्या चौकटीवर घाईने खूण करू नका. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर कोणत्याही निवडणुकीत, अगदी स्कूल बोर्डाच्याही, एक डॉलरसुद्धा देता येत नाही. मित्राच्या नावाने दिला तर तो वेगळा गुन्हा. मात्र सभेत बोलणं, आमदाराला पत्र लिहिणं, नियमांच्या मसुद्यावर हरकत नोंदवणं, सरकारी कागद मागणं, उमेदवारासाठी बिनपगारी हात लावणं, यावर बंदी नाही. व्हिसावर असलेली माणसं 'आपल्याला काय बोलायचा अधिकार' म्हणून गप्प बसतात. घरभाड्यातून असो की स्वतःच्या घरावर असो, टॅक्स तर तीही भरतातच.

आणखी एक मुद्दा आपल्या मंडळांबद्दल. बहुतेक महाराष्ट्र मंडळं ५०१(सी)(३) वर्गातल्या धर्मादाय संस्था असतात. १९५४ पासूनच्या नियमाप्रमाणे अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात उतरता येत नाही. गणेशोत्सवाच्या व्यासपीठावरून 'अमुक साहेबांना मत द्या' म्हणणं म्हणजे मंडळाची करसवलत धोक्यात घालणं. एखाद्या विधेयकाबद्दल मर्यादेत बोललेलं चालतं. पण माझं मत विचाराल तर मंडळाला यातून बाहेरच ठेवा. तिथे दोन्ही पक्षांची माणसं मोदक खायला येतात, ती जागा तशीच राहू द्या. राजकीय काम करायचं असेल तर स्वतःच्या नावाने करा, किंवा मर्यादेत राजकीय काम करायची मुभा असलेल्या ५०१(सी)(४) वर्गातल्या संस्थेतून करा.

दुसरी पायरी: बिल उलगडा

बिलावर ढोबळमानाने तीन वाटे दिसतात: शाळा, टाउनशिप आणि काउंटी. राज्याची सरासरी पाहिली तर निम्म्याहून जास्त पैसा शाळांकडे जातो. म्हणजे महापौरांवर राग काढण्याआधी स्कूल बोर्डाच्या सभेला जायला हवं. ओळखीच्या किती जणांनी मला सांगितलं आहे की आपल्या गावात स्कूल बोर्ड कोण आहे हेच ठाऊक नव्हतं.

दुसरा गोंधळ असेसमेंटचा. घराची सरकारी किंमत जास्त लावली म्हणून काउंटी टॅक्स बोर्डाकडे अपील करता येतं, त्याची मुदत बहुतेक काउंटींत १ एप्रिलला संपते. अपील जरूर करा. पण त्याने सरकारचा खर्च एका पैशाने कमी होत नाही. टाउनशिपला एकूण किती रक्कम गोळा करायची ते आधी ठरतं, त्या एकूण वसुलीला इथे 'लेव्ही' म्हणतात. तुमचं असेसमेंट कमी झालं तर तुमचा भार शेजाऱ्यावर सरकतो. खर्चाचा प्रश्न लेव्हीशी लढल्याशिवाय सुटत नाही.

या लेव्हीवर २०१० च्या कायद्याने वर्षाला दोन टक्के वाढीची मर्यादा घातली. ख्रिस ख्रिस्टी तेव्हा रिपब्लिकन गव्हर्नर होते आणि विधिमंडळ डेमोक्रॅट्सच्या हातात होतं, तरी दोघांनी मिळून हे केलं. ही मर्यादा माझ्या दृष्टीने या राज्यातली मोठी कमाई आहे. पण तिला दारं ठेवलेली आहेत. कर्जाचे हप्ते, पेन्शनच्या वर्गणीतली वाढ, आरोग्यविम्यातली वाढ, आणीबाणीचा खर्च, हे काही प्रमाणात मर्यादेबाहेर धरतात. शिवाय एखाद्या वर्षी न वापरलेली वाढ पुढे साठवता येते. म्हणून 'आम्ही दोन टक्क्यांच्या आत आहोत' असं सभेत ऐकलं की पहिला प्रश्न हाच: आत म्हणजे सवलती धरून की सोडून? मागची साठवलेली वाढ किती वापरली?

तिसरी पायरी: कागद मागवा

न्यू जर्सीत प्रत्येक टाउनशिप आणि स्कूल डिस्ट्रिक्टला 'यूझर फ्रेंडली बजेट' नावाची सोपी आवृत्ती संकेतस्थळावर ठेवावी लागते. ती उघडा. सोबत मागच्या दोन वर्षांची घ्या, कारण एका वर्षाचा आकडा काही बोलत नाही. मग तीन गोष्टी शेजारी शेजारी लिहा: पगार, आरोग्यविमा, कर्जाचे व्याज आणि हप्ते. वाढ बहुधा याच तीन ओळींत सापडते. पेनं, कॉफी आणि प्रवासखर्चावर लोक सभेत तावातावाने बोलतात. तो खर्च सगळा बंद केला तरी तुमच्या बिलात जेमतेम एका जेवणाचे पैसे वाचतील.

त्यानंतर ऑडिट. हिशेबतपासनीस दर वर्षी शेरे आणि सूचना लिहितो. मागच्या वर्षीचीच सूचना या वर्षी पुन्हा आली असेल, तर तिथे बोट ठेवा. सभागृहात याच्याइतकं ठोस काही नसतं, कारण ते तुमचं मत राहत नाही, त्यांच्याच तपासनीसाचं असतं.

जे संकेतस्थळावर नाही ते 'ओप्रा'खाली मागा. हा आपल्या माहितीच्या अधिकाराचा इथला चुलतभाऊ, ओपन पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट. अर्ज टाउनशिपच्या क्लार्ककडे किंवा शाळेच्या बिझनेस ऑफिसकडे करायचा. उत्तरासाठी साधारण कामाचे सात दिवस असतात, आणि बजेट, बिलं, करारपत्रं, पगाराचे आकडे, युनियनबरोबरचे करार हे बहुधा त्याहून लवकर मिळायला हवेत. ईमेलने मागितलंत तर बहुधा पैसे लागत नाहीत. अर्ज नेमका करा. 'शाळेच्या खर्चाची सगळी माहिती द्या' असं लिहिलं तर नकार येणार आणि तो योग्यही असणार. 'शिक्षक संघटनेबरोबरचा सध्याचा करार, आणि तो मंजूर करताना बोर्डापुढे ठेवलेला खर्चाचा गोषवारा' असं लिहा. नकार आला तर गव्हर्न्मेंट रेकॉर्ड्स काउन्सिलकडे तक्रार करता येते. क्लार्कशी मात्र नेहमी सौजन्याने वागा. ते माणूस धोरण ठरवत नाही, आणि पुढची दहा वर्षं तुम्हाला त्याच खिडकीवर जायचं आहे.

इथे मी केलेली एक चूक सांगायला हवी. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी भर सभेत म्हणालो की आपल्या डिस्ट्रिक्टचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च शेजारच्या गावापेक्षा इतक्या हजारांनी जास्त आहे. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेटरने शांतपणे दाखवून दिलं की माझ्या आकड्यात इमारतीच्या बाँडचे पैसे धरलेले होते आणि शेजारच्या गावाच्या आकड्यात नव्हते. पुढची दोन वर्षं मी उठलो की समोर बसलेले लोक आपापले कागद चाळायला लागत. तेव्हापासून दोन गावांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच सरकारी तक्त्यातून आणि एकाच व्याख्येने घेतले आहेत ना, हे आधी पाहतो.

आपल्याकडे याचा मोठा धडा आहे. गोपाळ कृष्ण गोखले १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला लंडनला गेले. साक्ष उत्तम झाली. पण त्याच मुक्कामात पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांच्या वागणुकीबद्दल त्यांनी आलेल्या पत्रांच्या भरवशावर आरोप केले, ते सिद्ध करता आले नाहीत, आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पाच वर्षांनी, मार्च १९०२ मध्ये, तेच गोखले कलकत्त्याच्या कौन्सिलात बजेटवर बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात सरकारचेच आकडे होते. शिल्लक दिसते आहे म्हणजे देश सुखी आहे असं नव्हे, गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो आहे, असं त्यांनी सरकारच्याच हिशेबातून मांडलं. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला. ते स्वतः नेमस्त उदारमतवादी होते, माझ्या पक्षाचे कोणी नव्हेत. पण करदात्याने सरकारशी कसं बोलावं याचा वस्तुपाठ मला अजून दुसरीकडे मिळालेला नाही.

चौथी पायरी: तीन मिनिटं

१९७५ च्या ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टमुळे, ज्याला सगळे सनशाइन लॉ म्हणतात, टाउनशिप आणि स्कूल बोर्डाच्या सभांची सूचना आधी द्यावी लागते आणि लोकांना बोलायला वेळ ठेवावा लागतो. शाळेच्या बजेटची जाहीर सुनावणी साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला होते. टाउनशिपचं बजेट त्याआधी मांडतात आणि महिनाभराने त्यावर सुनावणी घेतात.

माणशी बहुधा तीन ते पाच मिनिटं मिळतात. नाव, पत्ता, एक प्रश्न, एक कागद, एक मागणी. बस. 'टॅक्स फार झाला' ही मागणी नाही. 'आरोग्यविम्याचं कंत्राट या वर्षी खुल्या निविदेला काढा' ही मागणी आहे. 'नवीन तीन प्रशासकीय पदांची भरती सप्टेंबरपर्यंत थांबवा' ही मागणी आहे. लिहून न्या आणि एक प्रत क्लार्कला द्या. शक्य असेल तर फेब्रुवारीतच, बजेट मांडण्याआधी, बोर्डाच्या फायनान्स कमिटीच्या सदस्याला भेटा. मांडलेलं बजेट बदलणं अवघड असतं, मांडायच्या आधीचं तितकं नसतं.

एकटे जाऊ नका. पाच शेजारी हवेत, त्यातले निदान दोन अमराठी. आपलीच माणसं दिसली की प्रश्न 'त्यांचा' होतो. पाचही जणांनी तेच बोलू नये, एकाने पगार घ्यावा, दुसऱ्याने कर्ज.

पाचवी पायरी: युनियनचा प्रश्न नीट समजून घ्या

इथे मला जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडच्या चर्चेत सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. तरीही मी युनियनचा द्वेष करत नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं म्हणून १८९० मध्ये त्यांना रविवारची सुट्टी मिळाली, हे वडील आम्हाला अभिमानाने सांगायचे. पण त्या संपाची एक मागणी आता फार कोणाला आठवत नाही. १९४६ च्या बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्टमुळे सगळ्या गिरण्यांच्या वतीने बोलायचा हक्क राष्ट्रीय मिल मजदूर संघ या एकाच युनियनकडे होता. कामगारांना ती नको असली तरी मालकाशी बोलणी तीच करणार. तो कायदा रद्द करा, आमचा प्रतिनिधी आम्हाला निवडू द्या, ही सामंतांच्या संपातली मागणी होती. वडिलांचा खरा राग त्यावर होता: मी न निवडलेला माणूस माझ्या नावाने सही करतो.

पुढे अमेरिकेत जेनस खटला वाचला तेव्हा मला वडिलांचा तोच राग आठवला. मार्क जेनस इलिनॉय राज्यात मुलांच्या पोटगीच्या खात्यात नोकरीला होते. युनियनचे सभासद नव्हते, तरी त्यांच्या पगारातून युनियनसाठी पैसे कापले जात. २७ जून २०१८ ला सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की सरकारी कर्मचाऱ्याकडून त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय असे पैसे घेता येणार नाहीत. १९७७ चा अबूड खटल्याचा निकाल त्याने उलटवला. सरकारी नोकरीत पगार, पेन्शन, सुट्ट्या यावरची प्रत्येक बोलणी म्हणजे सार्वजनिक पैशाबद्दलचं राजकीय मतच असतं, आणि दुसऱ्याच्या राजकीय मतासाठी कोणाकडून सक्तीने पैसे घेता येत नाहीत, हा त्याचा गाभा.

सरकारी युनियन आणि गिरणीची युनियन यांतला फरक इथे आहे. गिरणीत समोर मालक बसतो आणि त्याचा स्वतःचा पैसा पणाला लागलेला असतो. सरकारी करारात समोर बसतो निवडून आलेला माणूस, ज्याच्या निवडणुकीत त्याच युनियनने मदत केलेली असू शकते, आणि पैसा तिसऱ्याचाच असतो. कामगारांच्या बाजूचे मानले जाणारे, न्यू डीलवाले अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीही १९३७ मध्ये एका पत्रात लिहिलं होतं की सामूहिक सौदेबाजीची नेहमीची पद्धत सरकारी नोकरीत जशीच्या तशी नेता येणार नाही. आमच्या राज्यात २०२५ मध्ये शिक्षक संघटनेचे राज्य अध्यक्ष शॉन स्पिलर गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीला, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीला, उभे होते आणि संघटनेच्या पैशावर चालणाऱ्या गटाने त्यांच्यासाठी कोट्यवधी डॉलर खर्च केले. ते हरले. ज्या शिक्षिकेला वेगळा उमेदवार हवा होता, तिच्या वर्गणीचं काय, हा माझा प्रश्न आहे.

आता व्यवहाराचं. तुम्ही किंवा घरातलं कोणी न्यू जर्सीत सरकारी शाळेत, काउंटीत, सरकारी विद्यापीठात नोकरीला असेल, तर:

सभासद राहायचं की नाही हा पूर्णपणे तुमचा निर्णय आहे. सभासद नसलात तरी करारातला पगार आणि सुविधा तुम्हाला लागू राहतात. सोडायचं असेल तर तारखेकडे लक्ष द्या. जेनसचा निकाल येण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, मे २०१८ मध्ये, या राज्याने कायदा केला की वर्गणी थांबवायची लेखी सूचना नोकरीला लागल्याच्या तारखेला वर्ष पुरं झाल्यावर पुढच्या दहा दिवसांतच द्यायची. हे दहा दिवस हुकले की पुढचं वर्ष. नेमणुकीचं पत्र काढा, तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला, सूचना लेखी द्या, पोच घ्या, आणि आधी सही केलेलं सभासदत्वाचं कार्ड मागवून त्यावरचा बारीक मजकूर वाचा.

सोडण्याआधी युनियनकडून काय मिळतं तेही प्रामाणिकपणे मांडा. शिस्तभंगाच्या प्रकरणात वकील, काही विमा योजना, हे सभासदांनाच मिळू शकतं. माझ्या ओळखीची एक शिक्षिका हिशेब करून सभासद राहिली. विचार करून केलेली ती सही मला मान्य आहे.

खाजगी कंपनीत मामला वेगळा. न्यू जर्सी 'राइट टू वर्क' राज्य नाही, म्हणजे नोकरीसाठी युनियनला पैसे देण्याच्या अटीवर इथे बंदी नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याने राज्यांना तशी मुभा दिली आणि २६ राज्यांत तसा कायदा आहे. मिशिगनने २०१२ मध्ये केला आणि २०२३ मध्ये रद्द केला. न्यू जर्सीत कराराप्रमाणे पैसे द्यावे लागू शकतात, पण १९८८ च्या बेक निकालामुळे सभासदत्व सोडून फक्त करारापुरता वाटा भरायची आणि राजकीय खर्चाला हरकत घ्यायची सोय आहे.

करदाता म्हणून काय करायचं? करार संपायच्या वर्षभर आधी जागे व्हा. बोलणी बंद दाराआड होतात, पण बोर्डाने काय मागायला जावं हे तुम्ही आधी जाहीर सभेत सांगू शकता. मागचा करार सरकारी कर्मचाऱ्यांचे कामगारसंबंध पाहणाऱ्या पर्क या राज्य आयोगाच्या संकेतस्थळावर सापडेल. वार्षिक पगारवाढीचा टक्का सगळे पाहतात, तुम्ही पगाराच्या पायऱ्यांचा तक्ता पाहा, कारण खरी वाढ तिथे असते. आरोग्यविम्यात कर्मचाऱ्याचा वाटा किती ते पाहा: पेन्शन आणि आरोग्यविम्यावरच्या २०११ च्या चॅप्टर ७८ या कायद्याने तो वाढवला, शिक्षकांसाठी २०२० च्या चॅप्टर ४४ ने हिशेब बदलला. आणि करार मंजूर करण्याआधी त्याच्या सगळ्या वर्षांचा एकूण खर्च आकड्यात वाचून दाखवा, ही मागणी बोर्डाकडे लेखी करा.

एक पथ्य पाळा. सभेत समोर तुमच्या मुलांचे शिक्षक बसलेले असतात. 'शिक्षक लुटतात' असं वाक्य तुमच्याकडून येऊ देऊ नका. पेन्शनचा खड्डा त्यांनी खणलेला नाही. दोन्ही पक्षांच्या गव्हर्नरांनी वर्षानुवर्षं राज्याचा वाटा भरला नाही, शिक्षकांचा मात्र दर पगारातून कापला जात होता.

सहावी पायरी: कोर्ट

न्यू जर्सीत राहून 'कोर्टाशी आपला काय संबंध' असं म्हणता येत नाही. राज्याच्या घटनेत १८७५ पासून सर्व मुलांना 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' शिक्षण द्यायचं वचन आहे. त्या दोन शब्दांवरून १९७३ मध्ये रॉबिन्सन विरुद्ध केहिल खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शाळांची पैसे उभारण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ हलेना, तेव्हा १ जुलै १९७६ पासून कोर्टाने शाळांवरचा खर्चच थांबवला. आठवडाभरात राज्यात पहिल्यांदा इन्कम टॅक्स आला. सर्वांत वरचा दर तेव्हा अडीच टक्के होता, आज तो १०.७५ आहे. त्यानंतर १९८५ पासून ॲबट विरुद्ध बर्क ही शाळांच्या पैशाबद्दलच्या निकालांची मालिका सुरू झाली, आणि २०११ मध्ये कोर्टाने ३१ गरीब डिस्ट्रिक्टना आणखी ५० कोटी डॉलर द्या असा आदेश दिला.

न्यूअर्क आणि कॅम्डेनसारख्या गरीब शहरांतल्या मुलांना चांगली शाळा हवी, याबद्दल माझं दुमत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. किती पैसे, कोणाकडून, कशावर, हे ठरवणाऱ्याला मतदाराने हटवता आलं पाहिजे. न्यायाधीशाला हटवता येत नाही, आणि येऊही नये. म्हणूनच त्याने तिजोरीला हात लावू नये. हे तत्त्व मला सोयीचं नसतानाही पाळावं लागतं. २०१५ च्या बर्गोस निकालात त्याच कोर्टाने म्हटलं की चॅप्टर ७८ मध्ये लिहिलेली पेन्शनची रक्कम भरायची सक्ती आम्ही करू शकत नाही, खर्च मंजूर करणं विधिमंडळाचं काम. शिक्षकांवर तो अन्याय झाला असं मला वाटतं. तरी निकाल बरोबर होता असंही वाटतं, आणि दोष कायद्यात वचन लिहून ते मोडणाऱ्यांचा होता.

मग करायचं काय? या राज्यात न्यायाधीश निवडणुकीने येत नाहीत. गव्हर्नर नाव सुचवतो, राज्य सिनेट मंजुरी देते. सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींची पहिली मुदत सात वर्षांची, पुन्हा नेमणूक झाली की सत्तरीपर्यंत. त्यात एक अलिखित रूढी आहे, 'सिनेटोरियल कर्टसी': उमेदवाराच्या काउंटीतला सिनेटर गप्प बसून नेमणूक अडवू शकतो. म्हणजे तुमचा राज्य सिनेटर, ज्याचं नावही अनेकांना माहीत नसतं, तो इथे कळीचा माणूस. चाळीस सिनेटर आहेत, त्यातला एक तुमचा. त्याला पत्र लिहा, आणि पत्रात 'कॉन्झर्व्हेटिव्ह न्यायाधीश नेमा' असं लिहू नका, त्याचा उपयोग होत नाही. एक निकाल घ्या आणि विचारा: या उमेदवाराच्या मते कोर्टाला विधिमंडळाला अमुक रक्कम खर्च करायला लावता येते का? ज्युडिशियरी कमिटीच्या सुनावणीत हा प्रश्न विचाराल का?

त्यासाठी निकाल स्वतः वाचायची सवय लागते. बातमी वाचून निकालावर बोलू नका. आधी सुरुवातीचा सारांश, मग बहुमताचं मत, आणि मग विरोधी मत. विरोधी मत सोडू नका, आपल्या बाजूचं कच्चं कुठे आहे ते तिथे कळतं. जेनसमधलं न्यायमूर्ती एलेना केगन यांचं विरोधी मत मी दोनदा वाचलं. पहिल्या वाचनानंतर माझे दोन ठरलेले मुद्दे मी टाकून दिले.

विस्कॉन्सिनमध्ये राहणाऱ्यांसाठी गणित निराळं आहे. तिथे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती एप्रिलमध्ये थेट मतदानाने निवडले जातात, दहा वर्षांसाठी. स्कॉट वॉकर यांच्या २०११ च्या ॲक्ट १० ने सरकारी युनियनचे अधिकार कमी केले आणि युनियन ठेवायची की नाही यावर दर वर्षी कर्मचाऱ्यांचं मत घेणं बंधनकारक केलं. डिसेंबर २०२४ मध्ये डेन काउंटीच्या न्यायाधीशाने त्याचा मोठा भाग रद्द ठरवला आणि प्रकरण अपिलात गेलं. एप्रिल २०२५ च्या न्यायमूर्तीपदाच्या निवडणुकीत दोन्ही बाजूंचा मिळून दहा कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. मॅडिसन-मिलवॉकीतल्या मराठी मंडळींनी एप्रिलचं मतदान चुकवू नये, एवढंच म्हणतो.

सातवी पायरी: वॉशिंग्टन, थोडक्यात

संघराज्याच्या पातळीवर एकट्या माणसाचा हात पोचतो तो नियमांच्या मसुद्यांपर्यंत. १९४६ च्या कायद्यामुळे बहुतेक खात्यांना नवीन नियमाचा मसुदा जाहीर करून हरकती मागवाव्या लागतात आणि महत्त्वाच्या हरकतींना उत्तर द्यावं लागतं. मुदत बहुधा ३० ते ६० दिवस. छापील नमुन्यावर सही करून पाठवलेल्या हजार पत्रांपेक्षा स्वतःच्या धंद्यातला अनुभव सांगणारं एक पान जास्त कामाचं. २८ जून २०२४ च्या लोपर ब्राइट निकालाने १९८४ पासूनचा शेव्हरॉनचा दंडक मोडला. आता कायदा संदिग्ध असला तर खात्याने लावलेला अर्थ कोर्टाने मान्यच करावा असं राहिलेलं नाही. त्यामुळे 'मूळ कायद्यात हा अधिकार तुम्हाला कुठे दिला आहे' हा प्रश्न हरकतीत लिहून ठेवणं महत्त्वाचं झालं. पुढे कोणी खटला भरला तर तो कागद नोंदीत असतो.

खर्चाचा माग काढायला २००६ च्या कायद्याने सुरू झालेलं यूएसए-स्पेंडिंग हे सरकारी संकेतस्थळ आहे. टॉम कोबर्न हे कट्टर कॉन्झर्व्हेटिव्ह आणि बराक ओबामा, दोघे त्या विधेयकामागे होते. आपल्या काउंटीचं नाव टाकून पाहा, एक संध्याकाळ सहज जाते.

आणि कामाला कुठून लागायचं, तर इथून: जानेवारीत टाउनशिप क्लार्कला आणि शाळेच्या बोर्ड सेक्रेटरीला दोन ओळींचा ईमेल करा. 'या वर्षीच्या बजेटच्या सर्व जाहीर सभांच्या तारखा कळवाव्यात, आणि शिक्षक व पोलिसांबरोबरचे करार कधी संपतात ते सांगावं.' उत्तर आलं की त्या तारखा फ्रिजवर लावा, शेजारच्या चार घरांना पाठवा. आमच्याकडे पहिल्या वर्षी दोघं आले होते.